नोंदवहीत न आलेली मुले

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२१ साली देशातल्या ९६ रुग्णालयांच्या नोंदींवरून एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत या रुग्णालयांत आलेल्या कर्करुग्णांपैकी चार टक्के रुग्ण चौदा वर्षांपर्यंतची मुले होती. त्या मुलांमध्ये ल्युकेमियाचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘ब्लड कॅन्सर’ म्हणतो त्याचा, वाटा मुलग्यांत ४६.४ टक्के आणि मुलींत ४४.३ टक्के निघाला. युरोप-अमेरिकेत हाच वाटा तीस टक्क्यांच्या आसपास असतो. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की भारतीय मुलांना ल्युकेमिया अधिक होतो असे वाटू लागते, आणि तसे वाटलेल्यांपैकी काहींनी मोबाइलचे टॉवर, भाजीवरची फवारणी, पिशवीतले दूध अशी कारणे शोधायला सुरुवातही केलेली असते. हा आकडा मात्र रुग्णालयाच्या दारातून आत आलेल्या मुलांचा आहे, आणि त्यावरून देशातल्या मुलांबद्दल बोलणे म्हणजे एसटी स्टँडवर उतरलेल्या प्रवाशांवरून गावची लोकसंख्या सांगण्यासारखे आहे.

वाटा वाढायला आजार वाढावाच लागतो असे नाही. शेजारचे आजार नोंदीतून गळाले तरी तो वाढतो. मुलांमध्ये ल्युकेमियाखालोखाल मेंदूतल्या गाठींचा क्रमांक लागतो. त्या ओळखायला एमआरआय लागतो आणि काढायला लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणारा न्यूरोसर्जन लागतो. सकाळी उठल्यावर उलट्या होणाऱ्या आणि चालताना तोल जाणाऱ्या मुलावर जिल्ह्याच्या ठिकाणी पित्ताचे किंवा फेफऱ्याचे औषध सुरू राहिले, तर ते मूल कर्करोगाच्या कोणत्याच तक्त्यात येत नाही, आणि शंभरातली त्याची रिकामी जागा ल्युकेमियाच्या खात्यावर जमा होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की रुग्णालयातल्या बालकर्करोगाचे चित्र आधी पोहोचण्याचे चित्र म्हणून वाचावे, आजाराचे चित्र म्हणून नंतर. आणि न पोहोचलेल्या मुलांची नोंद मिळवणे हे संशोधकाच्या आवडीवर न सोडता शासनाने कायद्याने आपल्याकडे घ्यावे.

या दोन चित्रांतला फरक महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरातल्या सगळ्या रुग्णालयांतून आणि मृत्यूच्या दाखल्यांतून शहरात राहणारा प्रत्येक रुग्ण शोधायचा, अशी ती पद्धत होती. ही पद्धत खेड्यात चालत नाही, कारण तिथला रुग्ण मुळात रुग्णालयातच जात नाही. म्हणून १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली, तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लोकांशी बोलायचे, लक्षणे सांगायची आणि संशयित रुग्णाला तपासणीसाठी बार्शीच्या रुग्णालयात आणायचे, असा उलटा मार्ग धरला गेला. नोंदवही रुग्णाकडे गेली. मला हा आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातला एक अत्यंत शहाणा निर्णय वाटतो, आणि त्याचा जितका गवगवा व्हायला हवा होता तितका झालेला नाही. मात्र पाच-सहा लाखांच्या लोकसंख्येत मुलांच्या ल्युकेमियाचे रुग्ण वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. त्यामुळे या आजाराचे उपप्रकार, वय, लिंग यांची घडी कळण्यासाठी आपण पुन्हा मोठ्या रुग्णालयांकडेच वळतो आणि पुन्हा त्याच दारात अडकतो.

त्या दारात सगळ्यांत आधी अडकते ती मुलगी. ल्युकेमिया मुलग्यांना थोडा अधिक होतो, ही जगभरची गोष्ट आहे. जिथे प्रत्येक मूल उपचारांपर्यंत पोहोचते अशा देशांत एका मुलीमागे साधारण १.२ ते १.३ मुलगे असे प्रमाण दिसते. त्यात आपल्याकडे मुलीच कमी जन्मतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, म्हणजे एका मुलीमागे १.१२ मुलगे. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तरी हिशेब १.४ च्या आसपास थांबतो. भारतातल्या अनेक रुग्णालयांच्या, विशेषतः उत्तरेकडच्या, ल्युकेमियाच्या यादीत मात्र एका मुलीमागे दोन किंवा त्याहून अधिक मुलगे असतात. दोनशे मुलग्यांमागे जिथे १४० च्या वर मुली दिसायला हव्यात तिथे शंभरच दिसतात, आणि उरलेल्या चाळीसएक मुलींना ल्युकेमिया झालाच नाही असे मानायला जीवशास्त्रात आधार नाही. टी आणि बी हे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार, आणि मुलांचा ल्युकेमिया बहुधा यांपैकी एकात सुरू होतो. टी-पेशींचा ल्युकेमिया मुलग्यांना बराच अधिक होतो आणि तो आपल्याकडे जास्त दिसतो, हे त्यावर एक उत्तर आहे. पण तेवढ्याने सगळी दरी भरत नाही.

याला पुरावाही आहे. दिल्ली आणि चेन्नईतील रुग्णालयांच्या २००५ ते २०१९ या काळातल्या बालकर्करोगाच्या नोंदींचा एक अभ्यास ‘द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मुलग्यांचे झुकते माप उत्तरेत दक्षिणेपेक्षा अधिक होते. जिथे घरच्यांना पदरचा खर्च जास्त करावा लागतो तिथे ते वाढत होते, अंतर लांबले की वाढत होते, आणि बोन मॅरो प्रत्यारोपणासारख्या महागड्या उपचारांत तर आणखी वाढत होते. पेशी अंतर मोजत नाहीत आणि बिलही पाहत नाहीत, त्यामुळे या चढत्या रेषेचा अर्थ घरातल्या निर्णयांतच शोधावा लागतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते: एकदा उपचार सुरू झाल्यावर ते अर्धवट सोडण्यात मुलगा-मुलगी असा ठळक भेद आढळला नाही. जे आई-बाप मुलीला एकदा वॉर्डात घेऊन आले ते तिच्यासाठीही तितकेच टिकून राहिले. निवड आधीच झालेली असते, रुग्णालयाला जिची खबरही लागत नाही अशा जागी, आणि म्हणून रुग्णालयाने आपल्या वॉर्डात कितीही समानतेने वागले तरी ती निवड त्याच्या आवाक्याबाहेर राहते.

टी-पेशींचा उल्लेख वर आला, आणि त्यावर जरा थांबायला हवे, कारण शास्त्रीयदृष्ट्या सगळ्यांत रंजक आणि सगळ्यांत निसरडी जागा तीच आहे. १९८४ पासून मुंबई, दिल्ली आणि चेन्नई इथल्या तीन केंद्रांनी या टी- आणि बी-पेशींच्या ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ नावाची एकच उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकात भारतातल्या मोठ्या केंद्रांतही आजार न उलटता जगणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली होते. या पद्धतीमुळे आणि सोबतच्या शुश्रूषेमुळे चार वर्षांनंतरचे तेच प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. १९९० ते १९९७ मधल्या १,०४८ रुग्णांचा तपशील २००५ साली छापून आला, तेव्हा दिसले की अठरा वर्षांखालील रुग्णांत टी-पेशींच्या प्रकाराचे प्रमाण केंद्रागणिक २१ ते ४३ टक्के होते आणि चेन्नईत ते सर्वाधिक होते. पाश्चात्त्य देशांत ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. उलट, टेल-एएमएल-१ या नावाने ओळखला जाणारा, तुलनेने सहज बरा होणाऱ्या बी-पेशींच्या ल्युकेमियातला जनुकीय जोड भारतीय मुलांत कमी सापडला. आणि तिन्ही केंद्रांतली मुले आली तीच आजार खूप पसरलेल्या अवस्थेत: पांढऱ्या पेशींचे काउंट चढलेले, गाठी सुजलेल्या, यकृत आणि पाणथरी वाढलेली.

याचे एक स्पष्टीकरण जीवशास्त्राकडे आहे. सुबत्ता आलेल्या समाजांत दोन ते पाच वर्षे या वयात बी-पेशींच्या ल्युकेमियाचा ठळक उंचवटा दिसतो. ब्रिटनमध्ये तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागला आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांत त्यानंतर काही दशकांनी. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्ह्ज यांची मांडणी अशी की पहिला जनुकीय बिघाड अनेकदा जन्माआधीच झालेला असतो. पहिल्या वर्षात पुरेसे जंतुसंसर्ग न झालेल्या मुलाला पुढे ते झाले की त्याची प्रतिकारयंत्रणा भलतीकडे वळते आणि दुसरा बिघाड घडतो. भरल्या घरात, भावंडांच्या शेंबडात वाढलेल्या आपल्या मुलांना यातून काही संरक्षण मिळत असेल, हे अगदी शक्य आहे. पण दुसरे स्पष्टीकरणही तितकेच शक्य आहे आणि ते पचायला जड आहे. टी-पेशींचा ल्युकेमिया बहुधा थोड्या मोठ्या मुलग्यांत होतो, छातीत गाठ करतो, श्वास कोंडवतो, आणि असे मूल लपत नाही. त्याला गाडीत घालून शहर गाठावेच लागते. तीन वर्षांची फिकट, किरकिरी, पाय दुखतात म्हणून रडणारी मुलगी मात्र तापाने गेली असे म्हणून घरातच संपू शकते. बी-पेशींचा तो उंचवटा आपल्याकडे खरोखरच बुटका आहे, की त्यातली मुले आपण मोजण्याआधी गमावली, याचा निवाडा रुग्णालयाच्या कागदांवरून होऊ शकत नाही. तरीही ‘भारतीय मुलांमधला ल्युकेमिया मुळातच वेगळा’ हे वाक्य परिसंवादांत ज्या सहजतेने उच्चारले जाते ते ऐकून मला अस्वस्थ वाटते.

फिकट मूल आपल्याकडे नजरेत भरत नाही, कारण फिकटपणा हीच सर्वसाधारण स्थिती झालेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. दहातली सात मुले फिकट असताना अंगणवाडी सेविकेने किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने आठव्याचा फिकटपणा वेगळा ओळखावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून मुलाला लोहाचे औषध मिळते. हाडे दुखली तर संधिवात, गाठी आल्या तर क्षयरोग, प्लेटलेट्स उतरल्या तर पावसाळ्यात डेंग्यू. यातले प्रत्येक निदान आपापल्या जागी सयुक्तिकच असते. खरा घात होतो तो ताप हटत नाही म्हणून दिलेल्या स्टेरॉइडने. ल्युकेमियाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या वितळतात, मूल दोन-तीन आठवडे टवटवीत दिसते, घरचे डॉक्टरांना दुवा देतात, आणि आजार परततो तेव्हा निदान अवघड झालेले असते आणि उपचार आधीपेक्षा कडक करावे लागतात.

ज्यांना निदान मिळाले तीही सगळी मोजली जात नाहीत. मुलांतल्या बहुतेक ल्युकेमियांचा उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो. सुरुवातीचे महिने वॉर्डात जातात, पाठीच्या मणक्यातून इंजेक्शने दिली जातात, आणि पुढचे दीडेक वर्ष मूल घरी गोळ्या घेते, अधूनमधून काउंट बघायला येते. याच शेवटच्या टप्प्यात मूल बरे दिसते, शेतीची कामे आलेली असतात, दुसऱ्या लेकरांच्या शाळा बुडालेल्या असतात, आणि फेऱ्या थांबतात. सलग चार आठवडे उपचार चुकले की ते उपचार सोडणे धरावे, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, आणि जगण्याचे प्रमाण काढताना ही मुले वगळू नयेत असा आग्रहही आहे, कारण त्यांना वगळले की रुग्णालयाचा निकाल आपोआप सुधारतो. परळच्या टाटा रुग्णालयात एके काळी शंभरातली वीसएक मुले अशी गळत होती. राहण्याची सोय, औषधांचा खर्च, समुपदेशन आणि घरी फोन करून पाठपुरावा या साध्या गोष्टी एकत्र बांधल्यावर ते प्रमाण पाचाच्या आत आले. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड्ससारख्या निवासांचा यात मोठा हात आहे. पदपथावर प्लास्टिकखाली झोपणाऱ्या, काउंट उतरलेल्या मुलाला कोणती उपचारपद्धती तारणार होती? राज्यात २०१२ पासून जीवनदायी, आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेने औषधोपचारांचा बराच भार उचलला आहे. बुडालेली रोजंदारी आणि गावाकडची फेरी मात्र अजूनही बापाच्याच खिशातून जाते.

आता मागणी. कर्करोगाची नोंद सक्तीची करावी असे संसदेच्या स्थायी समितीने २०२२ मध्ये सुचवले आणि अनेक राज्यांनी आपापल्या पातळीवर तसे केलेही, पण केंद्राने देशभरासाठी हा निर्णय घेतलेला नाही. कर्करोग संसर्गजन्य नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. मुलांच्या ल्युकेमियापुरती तरी ही सक्ती व्हावी आणि ती रुग्णालयाच्या आधी पॅथॉलॉजी लॅबपासून सुरू व्हावी, असे मला वाटते. कारण या आजाराची एक सोय आहे, जी मेंदूतल्या गाठीला नाही: पहिला संशय अगदी स्वस्तात येतो. तालुक्याच्या लॅबमध्ये काही शे रुपयांत होणारा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, एवढ्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ब्लास्ट पेशी, म्हणजे ल्युकेमियातल्या अपक्व पेशी, दिसू शकतात. त्या दिसल्या की लॅबवाला रिपोर्टवर ‘पुढील तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात जावे’ असे लिहितो आणि कागद बापाच्या हातात देतो. पुढे त्या कागदाचे काय होते हे कुणालाच कळत नाही. जी मुलगी रुग्णालयाच्या नोंदवहीत कधीच आली नाही, तिचे नाव बहुधा या लॅबच्या रजिस्टरात असते.

लॅबमधला प्रत्येक संशय खरा ठरणार नाही, डॉक्टरांवर कागदी ओझे वाढेल आणि घरची बदनामी होईल, असे तीन आक्षेप मला ऐकायला मिळतात. पहिला खरा आहे आणि निरुपद्रवी आहे. खोट्या संशयाची किंमत एक जास्तीची तपासणी. तिसरा गंभीर आहे, कारण मुलीला ‘कॅन्सर होता’ हे कळले तर पुढे लग्न जमणार नाही या भीतीने लोक खरोखरच बरी झालेली मुलगीही लपवतात. पण क्षयरोगाची नोंद २०१२ पासून देशभर सक्तीची आहे, २०१८ पासून लॅब आणि औषधविक्रेतेही त्या कक्षेत आले, आणि क्षयरोगाला आपल्या समाजात काही कमी कलंक नव्हता. नाव आरोग्य खात्याच्या एका माणसापर्यंत गेले म्हणजे गावभर होत नाही, एवढी शिस्त त्या अनुभवातून आपण शिकलेलो आहोत. दुसऱ्या आक्षेपाला थोडे गणित पुरे. जिथे मोजणी चोख आहे अशा देशांत दर दहा लाख मुलांमागे वर्षाला चाळीस ते पन्नास मुलांना ल्युकेमिया होतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा वर्षांखालील मुले तीन कोटींच्या घरात होती. कच्चा हिशेब मांडला तर राज्यभरात वर्षाला बाराशे ते पंधराशे नवी मुले, म्हणजे क्षयरोगाच्या नोंदी ज्या यंत्रणेतून लाखांनी जातात तिथे दिवसाला चार.

रुग्णालयांकडून मात्र याहून लहान अपेक्षा आहे. मुंबई, दिल्ली, चंडीगड, चेन्नई आणि कोलकाता इथली केंद्रे आज ‘आयसिक्ल’ या सामाईक उपचारपद्धतीखाली एकत्र आली आहेत. जगात २०३० पर्यंत किमान ६० टक्के बालकर्करुग्ण वाचावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरवलेले उद्दिष्ट या केंद्रांनी आपल्या दारापुरते गाठले, तर तो कौतुकाचाच विषय आहे. त्यांनी वार्षिक अहवालात जगण्याच्या टक्क्यांशेजारी आणखी तीन ओळी छापाव्यात: एका मुलीमागे किती मुलगे आले, शंभर किलोमीटरपलीकडून आलेल्यांत ते प्रमाण किती झाले, आणि निदान ऐकून उपचार न घेताच किती कुटुंबे परत गेली. या ओळींसाठी नवे संशोधन लागत नाही, कारण पत्ता, लिंग आणि तारीख प्रत्येक केसपेपरवर पहिल्या दिवसापासून लिहिलेली आहे.